दीडशे मीटरचा प्लॉट, साडेतीनशे फुटांचं घर: सांगलीकडं छोटं घर बांधताना

आमचं घर बाहेरून १६ फूट बाय २२ फूट, म्हणजे ३५२ स्क्वेअर फूट आहे. मिरजेच्या बाजूला, चार माणसांचं. घर बघायला येणारा माणूस चपला काढायच्या आधीच विचारतो, "फुटाला किती पडलं?" छोट्या घराला हा प्रश्न लागूच पडत नाही. मोठ्या घरात हॉल आणि बेडरूम वाढत जातात तसा फुटाचा दर उतरतो, कारण रिकामी खोली बांधायला स्वस्त असते. घर लहान करत गेलात तरी संडास एकच राहतो, ओटा एकच, मीटर एकच, पाण्याची टाकी एकच. त्यामुळं फुटाचा दर चढतो आणि एकूण रक्कम उतरते. आपल्या खिशातून जाते ती एकूण रक्कम. हिशेब तिचाच करायचा.

ही एकूण रक्कम तीन ठिकाणी अडकलेली असते: जमिनीचा कागद, जमिनीखालचा पाया आणि नळाभोवतीची जागा. या तीन ठिकाणी हात आखडला की पुढं दुप्पट जातात. बाकी जवळजवळ सगळीकडं वाचवता येतं.

अमेरिकेत 'टायनी हाऊस' म्हणून जे चाललंय, त्यासाठी तिथल्या घरबांधणी संहितेनं ४०० स्क्वेअर फुटांपर्यंतचं घर अशी व्याख्या केली आहे. आपल्याकडं प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान माप २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ फूट, आणि तेही स्वयंपाकाची जागा धरून. म्हणजे तिकडं जे हौसेनं लहान केलेलं घर, ते आपल्याकडं घरकुलापेक्षा मोठं. चाकावरचं घर, शिडी चढून झोपायचा माळा, घडीचं जेवणाचं टेबल हे फोटोत छान दिसतं. आपल्या घरात म्हातारी माणसं असतात, गौरी-गणपती असतात, ज्वारीची पोती असतात. आपलं छोटं घर आपल्या गरजेतूनच आखावं लागतं.

आधी कागद

प्लॉट बघायला जाताना मोजमाप चौरस मीटरमध्ये करायची सवय लावा. राज्यात डिसेंबर २०२० पासून जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरचं साधं घर कमी जोखमीचं धरलं आहे. नकाशा आणि मालकीचे कागद जोडून सूचना द्यायची, शुल्क भरायचं, त्याची पोच हीच परवानगी. १५० ते ३०० मीटरला परवाना घ्यावा लागतो, पण तोही परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टच्या दाखल्यावर लवकर मिळावा अशी सोय आहे.

आता गंमत बघा. एक गुंठा म्हणजे १०८९ फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दीड गुंठा म्हणजे १५१.७६. दीड गुंठ्याचा प्लॉट जेमतेम पावणेदोन मीटरनं पहिल्या गटाच्या बाहेर पडतो. आम्हाला दीड गुंठा दाखवला होता. आम्ही ४० बाय ४० फूट, म्हणजे १४८.६ मीटर एवढाच खरेदी केला. १५० मीटरच्या आत असलात तरी रस्त्याच्या रुंदीप्रमाणं समोर आणि बाजूला सोडायची जागा सोडावीच लागते, आणि नकाशा जाणत्या माणसाकडून काढून घ्यावाच लागतो.

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड महसूल खात्याच्या 'महाभूमी' पोर्टलवरून डिजिटल सहीचं काढून घ्या. विकणाऱ्यानं दिलेली झेरॉक्स बघून व्यवहार करू नका. 'इतर हक्क' हा रकाना सावकाश वाचा. तिथं बँकेचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींचा हक्क किंवा तुकडेबंदीविरुद्ध व्यवहार झाल्याचा शेरा असू शकतो. मागचे फेरफार काढा आणि जमीन कुणाकडून कुणाकडं आली ते बघा. मग भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचे पैसे भरून खुणा कायम करून घ्या. चाळीस फुटांच्या प्लॉटला शेजाऱ्याची भिंत दोन फूट आत असली, तर तुमची मोरी बसणार नाही.

सांगलीत गुंठेवारीचा विषय वेगळा सांगावा लागतो. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून, नोटरीच्या कागदावर किंवा साठेखतावर विकलेले प्लॉट आमच्याकडं गल्लोगल्ली आहेत. ते स्वस्त मिळतात आणि हातावर पोट असलेल्या माणसाला तेवढेच परवडतात, हे मला पूर्ण कळतं. पण साठेखत म्हणजे मालकी नव्हे. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ चा आहे आणि नंतरच्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी त्यात घेता येते. तेव्हा असा प्लॉट घ्यायचाच असेल तर 'नियमित करून देतो' या शब्दावर जाऊ नका. महापालिकेचा नियमितीकरणाचा दाखला समोर ठेवायला सांगा. तो नसेल तर बँक दारात उभं करत नाही आणि घरकुलाचं अनुदानही अडतं.

खेड्यात घर असेल तर दोन गोष्टी आधी विचारा. जागा गावठाणात आहे का? असेल तर स्वामित्व योजनेत ड्रोनची मोजणी होऊन प्रॉपर्टी कार्ड मिळालं आहे का? गावठाणाच्या हद्दीलगतची शेतजमीन असेल तर ती अकृषिक धरायला आता काय करावं लागतं, ते तहसील कार्यालयात विचारा. शेतात फार्महाऊस म्हणून बांधायचं तर किमान ०.४० हेक्टर, म्हणजे एकर लागतो. 'शेतात कंटेनर ठेवला तर परवानगी लागत नाही' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यात माणूस राहायला लागला, संडास बांधला, वीज घेतली की ते घरच.

तयार घर किंवा फ्लॅट बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, मोकळ्या प्लॉटला नाही.  नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही.

पाणी कुठवर आलं होतं?

सांगलीत प्लॉट बघताना हा पहिला प्रश्न. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभाग, शामरावनगर, हरिपूर इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बाहेरून येऊन स्वस्त प्लॉट घेणाऱ्याला मात्र कुणी सांगत नाही.

पाटबंधारे खात्याच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचा विचारच नको. दोन रेषांच्या मधे असाल तर जोतं लाल रेषेच्या वर न्यावं लागतं. नुसत्या भरावाचा खर्च प्लॉटच्या स्वस्ताईला गिळून टाकतो.

नकाशाबरोबर एक गोष्ट स्वतः करा. शेजारी जुनं घर असेल तर तिथल्या आजींना २०१९ चं पाणी भिंतीवर कुठवर होतं ते विचारा. बहुतेक घरांत ओलीची रेघ रंगाखालूनही दिसते. आमच्या शेजारच्या घरी ती खिडकीच्या कठड्याखाली चार बोटं होती. गवंड्याकडं असते ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या, ५० फुटी. आतले बुडबुडे पूर्ण काढा. नळीचं एक टोक त्या रेघेला धरा, दुसरं टोक तुमच्या प्लॉटवर रोवलेल्या बांबूला. दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की बांबूवर खूण करा. तुमच्या जमिनीपासून ती खूण किती उंच आहे, ते तुमचं खरं पूरमाप. आमची खूण जमिनीपासून एक फूट नऊ इंचांवर आली. आम्ही जोतं अडीच फूट घेतलं आणि विजेचे बोर्ड चार फुटांच्या वर ठेवले.

मातीची परीक्षा

मिरज, तासगाव, वाळवा या पट्ट्यात काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. हलक्या घराला ही माती जास्त त्रास देते, कारण घराचं वजन कमी म्हणून ती त्याला सहज उचलते. छोटं घर म्हणून पाया उथळ घ्यायचा, हा सगळ्यात महागात पडणारा विचार.

घरी करता येईल अशी परीक्षा आहे. तीन-चार फुटांवरची माती काढा, वाळवा, कुटून बारीक चाळणीतून चाळा. सारख्या मापाच्या दोन काचेच्या नळ्या किंवा उंच ग्लास घ्या. दोन्हींत वजन करून सारखी माती टाका. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून हवा काढा आणि २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातला थर रॉकेलमधल्या थराच्या दीडपटीच्या वर गेला, तर इंजिनिअरशी बोलल्याशिवाय खोदाई सुरू करू नका. प्रयोगशाळेत याचंच नेमकं माप काढून देतात आणि ते पैसे वाया जात नाहीत.

उपाय आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे: मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. मुरूम फारच खोल असेल तर इंजिनिअर खाली फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल नेलेले काँक्रीटचे खांब, सुचवतो. जोत्याच्या आतला भराव कधीही खोदलेल्या काळ्या मातीचा करू नका. ती 'फुकट' माती पुढं फरशी उचलते. मुरूमच आणा, ब्रासनं मोजून घ्या. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, ट्रॉलीत उतरला की फूटपट्टीनं लांबी-रुंदी-उंची मोजा. फूटभराच्या थरांत पसरा, पाणी सोडा, धुम्मस करा, मग पुढचा थर. घराभोवती तीन फुटांचा उताराचा कोबा करा. पागोळ्यांचं पाणी पायाजवळ मुरलं नाही तर माती फुगायची अर्धी शक्यता तिथंच संपते. चिंच, कडुलिंब, पिंपळ घराला लागून नकोत.

माझ्या नणंदेचं घर पाटण तालुक्यात आहे. तिकडचं दुखणं वेगळं. जमीन बरी, पण कोयना परिसर भूकंपाच्या झोन ४ मध्ये. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचं तिच्या सासूबाई अजून सांगतात. तिथं विटांच्या भिंतीवर बांधायचं तर जोत्याला, लिंटेलला (दार-खिडकीच्या डोक्यावर) आणि छताच्या खाली असे तीन काँक्रीटचे पट्टे घराभोवती अखंड फिरले पाहिजेत आणि कोपऱ्यांत पायापासून छतापर्यंत उभी सळी हवी. नुसतं दार-खिडकीवर तुकड्यानं लिंटेल टाकणं म्हणजे पट्टा नव्हे. पाऊसही तिकडं धो-धो, त्यामुळं उतरतं छप्पर आणि लांब पागोळी हवी. आमच्याकडं कोरडं, त्यामुळं सपाट स्लॅब चालतो. एकच नकाशा दोन्हीकडं चालत नाही.

नकाशा: भिंत किती जागा खाते

बाहेरून १६ बाय २२. भिंत नऊ इंची विटांची घेतली तर आतून १४.५ बाय २०.५, म्हणजे २९७ फूट. सहा इंची एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) घेतली तर १५ बाय २१, म्हणजे ३१५ फूट. अठरा फुटांचा फरक. दोन हजार फुटांच्या बंगल्यात तो कुणाच्या लक्षात येत नाही, आमच्याकडं त्यात कपाट आणि शिलाई मशीन बसलं. ब्लॉकच्या भिंतीवर छताचा भार देऊ नये, त्यामुळं कॉलम-बीम आले, लोखंड वाढलं. काळ्या मातीत आम्हाला फ्रेम हवीच होती, म्हणून तो मेळ बसला. कॉलम भिंतीपेक्षा जाड असतो. त्याचं जादा तीन इंच घराच्या बाहेरच्या अंगाला काढा. आतला कोपरा सरळ राहिला की कपाट भिंतीला चिकटून बसतं. हे नकाशावरच ठरवा, साइटवर कुणी ऐकत नाही.

आमची आखणी अशी आहे. मागच्या बाजूला सात फूट खोलीचा आडवा पट्टा: त्यात साडेचार फूट रुंद न्हाणी-संडास एकत्र आणि दहा फूट रुंद स्वयंपाकघर. मधे एकच चार इंची भिंत. पुढं १५ बाय साडेतेरा फुटांची सलग खोली. बाहेर पत्र्याची पाच फुटांची ओसरी. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहायच्या खोलीला किमान ९.५ चौरस मीटर, एकत्र न्हाणी-संडासाला २.८ चौरस मीटर आणि छताला २.७५ मीटर उंची सांगितली आहे. त्याच्या खाली जाऊ नका. उंची तर आम्ही वाढवून १० फूट घेतली. लहान खोलीत वर मोकळी हवा असली की उन्हाळ्यात जीव गुदमरत नाही आणि सात फुटांवर सामानाचा माळाही निघतो.

ती मधली चार इंची भिंत म्हणजे घराची ओली भिंत. नळ, सिंक, बेसिन, न्हाणीचा शॉवर, सगळं तिच्या दोन अंगांना. टाकी तिच्याच डोक्यावर, चेंबर तिच्याच मागं. पाइप कमी लागतो हा फायदा आहेच, पण गळती झाली तर एकाच भिंतीत शोधायची हा मोठा. संडासाच्या चार इंची पाइपला १० फुटांमागं दोन इंच उतार धरा.

झोपायची जागा आणि बसायची जागा वेगळी करायला आम्ही भिंत घातली नाही, पुढच्या खोलीत सात फुटी कपाट आडवं उभं केलं. मुलगी मोठी झाली की कपाट सरकवता येतं. भिंत सरकत नाही. जिना घराबाहेर काढा, आत जिना म्हणजे अख्खं स्वयंपाकघर गेलं. ओसरी मात्र कुणी काहीही म्हटलं तरी ठेवा. आमच्या घरातलं अर्धं जगणं तिथं होतं: भाजी निवडणं, अभ्यास, पाहुणा, पावसात वाळत घातलेले कपडे.

कंटेनरचा विचार आम्ही खराच केला होता. ४० फुटी कंटेनर आतून साधारण ३०५ फुटांचा असतो, पण रुंदी ७ फूट ८ इंच. उष्णता अडवायला दोन्हीकडं दोन-दोन इंचांचा थर दिला की सात फूट चार इंच उरते. त्यात खाट टाकली की पलीकडून जाताना अंग चोरावं लागतं. शिवाय क्रेन आणि ट्रेलर आत यायला रस्ता हवा. आमच्या बोळात ऊसाची ट्रॉलीसुद्धा मागं घेऊन काढावी लागते. ज्यांना वर्ष-दोन वर्षांची तात्पुरती सोय हवी त्यांना कंटेनर चालेल. आयुष्यभराचं घर म्हणून सांगलीच्या उन्हात मी तो कुणाला सुचवणार नाही.

ठेका: फूट कुठला मोजायचा

आमचा सगळ्यात मोठा फटका इथं बसता बसता राहिला. ठेकेदारानं तोंडी दर सांगितला, आम्ही ३५२ नं गुणून घरी आलो. करार लिहायच्या वेळी कळलं की तो छज्जासकट स्लॅबचा फूट मोजतो. चारी बाजूंना दीड फुटांचा छज्जा धरला की माप १९ बाय २५, म्हणजे ४७५ फूट. समजा दर १,८०० रुपये. ३५२ फुटांचे होतात ६,३३,६००. ४७५ फुटांचे होतात ८,५५,०००. सव्वादोन लाखांचा फरक, आणि माणूस खोटं काहीच बोललेला नसतो. तेव्हा दर विचारायच्या आधी 'माप कशाचं' ते विचारा. कागदावर लिहून घ्या: माप जोत्याचं, छज्जा धरून की सोडून, ओसरी किती टक्क्यांनी, शोषखड्डा-चेंबर-टाकी ठेक्यात की बाहेर, सिमेंट-लोखंड कुठल्या प्रतीचं, पाणी आणि वीज कुणाची.

पैसे टप्प्यांनी द्या, टप्पा पूर्ण झाल्यावर द्या: पाया, जोतं, लिंटेल, स्लॅब, गिलावा, फरशी. शेवटचे दहा टक्के हातात राखा. ते कधी द्यायचे ते पुढं सांगते.

कर्जाचाही एक हिशेब ठेवा. ९ टक्के दरानं १५ वर्षांसाठी ५ लाखांचा हप्ता सुमारे ५,०७० रुपये येतो आणि एकूण परतफेड ९ लाख १३ हजारांच्या आसपास जाते. म्हणजे आज वाचवलेला एक लाख पुढचे ८३ हजारही वाचवतो. स्वतःच्या प्लॉटवर बांधणाऱ्याला प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी २.० टप्प्यात अडीच लाखांपर्यंत अनुदान आहे, वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंतच्या कुटुंबाला. ग्रामीण योजनेत मूळ अनुदान १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार. देशात कुठंही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर असलं तर मिळत नाही. आणि बांधकाम सुरू करायच्या आधी अर्ज मंजूर करून घ्या, अर्ध्या भिंती उठल्यावर पंचायतीत जाऊन उपयोग नाही.

स्लॅबचा दिवस

त्या दिवशी रजा काढा. मी काढली होती. १६ बाय २२ चा पाच इंची स्लॅब म्हणजे छज्जा सोडून साधारण दीड ब्रास काँक्रीट, एम-२० (घराच्या स्लॅबला नेहमी वापरतात त्या ताकदीच्या) मिश्रणाला ३३ पोती सिमेंट. आधी रात्री लोखंड मोजा. १० मिलिमीटरची सळी मीटरला ०.६१७ किलो भरते, १२ ची ०.८८८. सूत्र सोपं आहे: व्यासाचा वर्ग भागिले १६२. बिलातले किलो आणि छतावरच्या सळ्या जुळल्या पाहिजेत. सळीखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळी प्लेटेपासून उचलून धरणारे छोटे ठोकळे, आहेत का ते हात घालून बघा. दगडाची खपली ठेवलेली असेल तर काढायला लावा.

मिक्सर सुरू झाला की भांडण पाण्यावरून होतं. आमचंही झालं.

"मिस्त्री, बादली किती लिटरची? ही तिसरी जातेय."

"वहिनी, माल घट्ट राहिला तर सरकत नाही, पोरं दमत्यात."

"पोरं दमली तर चहा देते, पाणी नाही देणार."

एका पोत्याला साडेसत्तावीस लिटरच्या वर पाणी जाता कामा नये, आणि क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) ओली असेल तर तेवढं आणखी कमी. माल सरकवायचं काम व्हायब्रेटरचं आहे. दोन बादल्यांवर मी घरातल्या नेलपॉलिशनं रेघ मारली होती. दिवसभर तीच मोजपट्टी. त्या दिवसानंतर मिस्त्री मला बाकीच्या कामातही विचारायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून मातीचे किंवा वाळूचे वाफे करून पाणी तुंबवा. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान १० दिवस, आमच्या उन्हाळ्यात १४. गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरच्या आत असेल तर स्लॅबखालचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठा असेल तर १४ दिवसांनी काढतात. आमच्या मधल्या १५ फुटी बीमखालचे टेकू आम्ही पूर्ण १४ दिवस ठेवले. सेंट्रिंगवाला आठव्या दिवशी प्लेटा मागायला येतोच. त्याला भाड्याचे जादा पैसे द्या, पण बीमला हात लावू देऊ नका.

सांडपाणी, पाऊस, वीज

गल्लीत ड्रेनेज असेल तर सरळ जोडा. नसेल तर सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. पाण्याच्या स्रोतापासून नियमाप्रमाणं लांब, यात शेजाऱ्याची बोअरही आली. चाळीस फुटी प्लॉटवर ही जागा आपोआप मिळत नाही, म्हणून घर आखायच्या आधी नकाशावर बोअर आणि शोषखड्डा टाका, मग घर. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, खड्डा मुरमापर्यंत न्यावा लागतो.

जत, आटपाडीकडं बांधणाऱ्यांनी छताचं पाणी सोडू नये. ३०० फुटांच्या छतावर वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि वीस टक्के वाया गेला तरी ११ हजार लिटर हाती लागतं. पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडायला वेगळा पाइप ठेवा.

छतावर सौर बसवायची तर एका किलोवॉटला साधारण १०० फूट मोकळं, सावली नसलेलं छत लागतं. सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३० हजार रुपये अनुदान आहे. त्यामुळं टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात ठेवा, दक्षिणेकडं ठेवली तर तिची सावली पॅनेलवर पडते. उरलेल्या छतावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा थर द्या. आमच्याकडं दुपारी छताला हात लावला की फरक कळतो.

पहिला पाऊस

राखलेले दहा टक्के पहिल्या मोठ्या पावसानंतर द्या, तसं करारात आधीच लिहा. पाऊस थांबला की बॅटरी घेऊन घरभर फिरा. छत आणि भिंत जिथं भेटतात तो सांधा बघा. ब्लॉक आणि कॉलमच्या जोडावर उभी चीर पडली आहे का बघा. गिलाव्याआधी तिथं कोंबडजाळी मारली नसेल तर ती पडतेच. खिडकीच्या कठड्याचा उतार बाहेर आहे ना, ते हातानं पाणी ओतून बघा. कोब्यावर पाणी साचतं का आणि कुठल्या बाजूला, तिथं खडूनं गोल करा. न्हाणीचं पाणी जाळीकडं न जाता दाराकडं येत असेल तर तेव्हाच सांगा. मिस्त्रींना बोलावून प्रत्येक खडूची खूण दाखवा आणि ती दुरुस्त झाली की पुसा. आमच्याकडं सात खुणा होत्या. सातवी पुसली त्या संध्याकाळी मी त्यांना उरलेले पैसे दिले आणि ओसरीत बसून सगळ्यांनी चहा घेतला.